नऊशे ग्रॅमचा घोटाळा

आता हे सांगू की नको, असं दोन महिने चाललंय माझं. पण तुम्ही घरचेच, आणि चहाही झालाय, तर ऐका.

माझी पोर तेव्हा तीन महिन्यांची. लसीसाठी आरोग्य केंद्रात जायचं होतं. तिथं वजन करतातच. पण परीक्षेआधी आपण घरी एक पेपर सोडवून बघतो ना? तसं मी तिला मामंजींच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं. सहा किलो शंभर! मामंजी म्हणाले, "भरली की गं पोरगी." मी तरंगतच निघाले.

केंद्रात नेमकं तपासणीचं पथक आलेलं. सगळं नीट आढळलं तर केंद्राला दर्जाचं प्रमाणपत्र मिळणार. आमच्या आशा सेविका महादेवीताई त्यासाठी महिनाभर राबलेल्या. त्यांनी पोरीचे कपडे उतरवून तिला काट्यावर ठेवलं.

"पाच दोनशे."

तासाभरात नऊशे ग्रॅम? पोर आटली की काय? मग डोकं चाललं. पोर कशी आटेल, काटाच खोटा.

"ताई, तुमचा काटा चुकतोय. घरच्या काट्यावर आत्ता सहा शंभर भरली."

"हळू बोला की मॅडम, पथक हाय."

"असू दे ना. किती बाळांची वजनं चुकली असतील अशानं?"

पथकातल्या डॉक्टरबाई वळल्या. महादेवीताईंचा चेहरा उतरला. मी मात्र देशातल्या समस्त बाळांची वकील होऊन उभी.

डॉक्टरबाईंनी काट्यावर वजनाचं माप ठेवलं. बरोबर. पुन्हा ठेवलं. बरोबर.

"घरी कसं केलंत वजन?"

"असंच की, कपडे उतरवून. काटा गार लागेल म्हणून चादरीत गुंडाळलं होतं, एवढंच."

"कुठली चादर?"

काखेतली काढून दाखवली. आमच्या ह्यांनी अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून आणलेली, लहान असली तरी अस्सल सोलापुरी, जाडजूड. महादेवीताईंनी ती शांतपणे घडी घालून काट्यावर ठेवली.

नऊशे ग्रॅम. एक ग्रॅम इकडं नाही की तिकडं नाही.

"बाळ ठणठणीत हाय," त्या म्हणाल्या, "आन् चादर बी."

प्रमाणपत्र मिळालं, आणि काट्यावर पाटी लागली : 'बाळाचे वजन चादरीसह करू नये.' परवा दुधनीहून माहेरी आलेली एक नवी आई ती वाचून मला म्हणाली, "चादरीसकट कोण मोजतंय हो?"

"असेल कुणीतरी अडाणी," मी म्हटलं.

महादेवीताईंनी रजिस्टरातून मानही वर केली नाही.

"अडाणी न्हाय. कॉलेजात फिजिक्स शिकवत्यात."