तलावापलीकडचा वाघ

“वाघ-बिघ काही नाही वो काकू. मीच सांगतलं तिच्या आईले.”

माझी मैत्रीण हे चक्कीवाल्या काकूंना मशीनच्या आवाजात ओरडून सांगत होती, आणि नेमकी तेव्हाच काकूंनी चक्की बंद केली. मी तांदळाचा डबा कडेवर घेऊन दाराबाहेर चप्पल काढायला वाकले होते. तशीच वाकून राहिले.

आवाज खाली आणून ती पुढे म्हणाली, “ते धावता धावता मधातच थांबते. मंग मलेबी थांबा लागते. आता दादा गाडी घेऊन मांगं येते, तं बरं होते.”

आम्ही दोघी वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होतो. लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. तीन किलोमीटर धावण्याची होती, आणि त्याहून जास्त पहाटे पाच वाजता रजईबाहेर पाय काढण्याची. दोघी सोबत असलो तरच जायचं, अशी घरून परवानगी होती. तिच्या घरीही हेच.

मी तुमसरच्या इंग्रजी शाळेत शिकले. सकाळी व्हॅन न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. त्यामुळे गावात वाढूनही गावात माझं कुणी नव्हतं. ती पहिली. कुत्र्यांसाठी घेतलेल्या काठीनं ती माझ्या खिडकीचा गज तीनदा वाजवायची. मी हलले नाही तर बाहेरूनच सांगायची की नुसते बूट घाल, मग वाटलं तर परत झोप. थंडगार बुटांत पाय गेला की झोप उडायचीच. कालव्याच्या रस्त्यावर धुक्यात ती दिसायची नाही, पुढे तिचे पाय वाजायचे, त्या आवाजामागे मी धावायचे. अर्ध्यात माझ्या बरगडीत कळ यायची. मी थांबले की पुढचा आवाजही थांबायचा, आणि ती परत येऊन काही न बोलता माझ्या बाजूला उभी राहायची. त्या न बोलण्याला मी माया समजत होते.

मग एका दुपारी तिनं माझ्या आईला सांगितलं की तलावापलीकडे वाघाच्या पायाचे ठसे दिसलेत. नाकाडोंगरीच्या जंगलाला लागून आमचं गाव. इथे वाघाची बातमी कुणी तपासून पाहत नाही. तपासायला जाणार कोण? आईनं त्याच संध्याकाळी माझे बूट कपाटावर टाकले. मैत्रीण म्हणाली, तिच्याही घरी बंद केलं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. पहाटे पाचला जाग यायची, कान खिडकीकडे जायचा. मग वाघ आठवायचा आणि मी रजई डोक्यावरून ओढून घ्यायचे. आळशी म्हणायची सोय कुणालाच नव्हती, मला स्वतःलाही नाही. वाईट वाटायचं ते तिच्यासाठी. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली धावायची, तिची मेहनत वाया जातेय असं वाटून एकदा सकाळी सहा वाजता मी तिला फोन केला. मी कुणाला आपणहून फोन करत नाही. तिला म्हटलं, धीर सोडू नको, थोडे दिवस घरीच उठाबशा काढ. ती हो हो म्हणत होती. तिला धाप लागली होती. मी समजले, अंगण झाडत असेल.

चक्कीच्या दारात मला तो फोन आठवला आणि कान तापले.

काकूंनी मला आधी पाहिलं. मग तिनं. क्षणभर तिचा चेहरा उतरला, मग नेहमीसारखी हसली. कवा आली वो, म्हणत माझ्या हातातला डबा घ्यायला पुढे झाली. आत्ताच आले, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. एरवी मी तेच दिलं असतं आणि घरी येऊन रडले असते. पण मैदानी चाचणी पंधरा दिवसांवर आली होती आणि तीन आठवडे मी पहाटे उंबरठाही ओलांडला नव्हता.

मी डबा तिच्या हाती दिला नाही. काकू पाहत होत्या, तरी तिच्याकडे पाहत म्हणाले,

“मी हळू धावते, तं मले सांगायचं होतं. माझ्या आईले नाही.”