घुमटाच्या आधीचं जेरुसलेम

नांदेडच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. वर्गात आपण चुकू असं मला सहसा वाटत नाही. त्या दिवशीही वाटलं नव्हतं. सुरुवातीच्या इस्लामचा धडा चालू होता. मी ठणकावून सांगितलं, "जेरुसलेम मुसलमानांसाठी पवित्र ठरलं ते खलिफानं तिथं भव्य घुमट बांधल्यावर. सगळं सत्तेचं राजकारण."

दुसऱ्या बाकावर एक चाळिशीची विद्यार्थिनी बसायची. मुलगी बारावी झाल्यावर स्वतः बी.ए.ला आलेली. ती उठून म्हणाली, "मॅडम, घुमट तर लई नंतरचा हाय. आधी पैगंबरसाहेब आन् त्यांची माणसं तिकडंच तोंड करून नमाज पढायची. मक्केकडं वळायचा हुकूम मागून आला. म्हणून आम्ही त्याला पह्यला किब्ला, म्हंजी नमाजाची पह्यली दिशा, म्हणतो."

"उद्या बघू," म्हणत मी पुस्तक मिटलं. राग तिचा नाही, स्वतःचाच आला होता.

त्याच संध्याकाळी नायगावला बाबांकडे गेले. ते शेंगा फोडत बसले होते. मी सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेतील.

"मी पह्यल्यांदा नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो," ते म्हणाले, "तवा स्तूप नव्हता. नुसतं मैदान. लोकं तिथली माती कपाळाला लावून रडायची. आता तू सांग, ती जागा मोठी कशानं झाली? स्तुपानं?"

जेवण झाल्यावर पिशवीतली पुस्तकं काढली. तिचं म्हणणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सरळ सांगितलं, "काल मी क्रम उलटा सांगितला." मग खडू तिच्या हातात दिला. तिनं फळ्यावर खरा क्रम लिहिला. मागून कुणीतरी विचारलं, "दिशा बदलली म्हणजे त्या शहराचा मान गेला ना?"

"कसा जाईल?" ती म्हणाली. "मेराजच्या रात्री पैगंबरसाहेब तिथूनच आसमानात गेले, असं आम्ही मानतो."

पुढचं मी जोडलं. मुसलमान फौजांनी शहर जिंकलं, मग बऱ्याच वर्षांनी घुमट उभा राहिला. खलिफाला त्यातून आपला दबदबा दाखवायचा होता, हे मी आजही तितक्याच ठामपणे सांगते. पण त्यानं ती जागा निवडली, कारण लोकांनी ती आधीच मानली होती.

ती विद्यार्थिनी यंदा एम.ए.ला आहे. खलिफाच्या हेतूबद्दल तिला माझं म्हणणं अजून पटलेलं नाही. आमचा वाद चालूच आहे, आणि तो मला आवडतो.