मुक्कामी गाडीच्या कॅसेटी

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. हिंगणघाटहून समुद्रपूरकडच्या खेड्यांत जाणारी मुक्कामी गाडी बहुधा त्यांच्याच वाट्याला यायची. संध्याकाळी गाडी गावात जाऊन थांबायची आणि सकाळी तिथूनच परत निघायची. इतर कंडक्टर ही ड्यूटी टाळायचे, बाबा मागून घ्यायचे. त्यांच्या तिकिटांच्या पेटीशेजारच्या पिशवीत एक टेपरेकॉर्डर असायचा. गावात भजन असो, जयंतीचा कार्यक्रम असो, लग्नातल्या बायकांची गाणी असोत, बाबा टेप घेऊन पुढे बसायचे. नव्वदच्या दशकात अशा तीसेक कॅसेटी जमल्या. साऱ्या घरात आईच्या बांगड्यांपेक्षा त्या कॅसेटींना जास्त जपलं जायचं, हे आईनेच मला सांगितलं.

कॅसेटीवर गायकाचं नाव कधीच नसायचं. बाबांना त्याची गरज वाटायची नाही, कारण गाणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच गाडीत तिकीट काढायचा. चिठ्ठीवर फक्त मार्ग आणि गाव, खाली ‘बाजू अ’, ‘बाजू ब’.

बाबा निवृत्त झाले आणि त्याच सुमारास मी घरी कॉम्प्युटर घेतला. मी पंचायत समितीत आवक-जावक टेबलावर होते. आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि जिथे ठेवला तिथेच तो सापडला पाहिजे, हे माझं काम. त्यामुळे बाबांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर आणून त्यांची नीट लायब्ररी करायची, हे मला अगदी माझ्या हातचं काम वाटलं.

टेपच्या इअरफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या मागे एक वायर लावली. अर्ध्या तासाची बाजू भरायला अर्धा तासच लागतो, हे बाबांना पटेना.

“येवढी महागाची मशीन अन् इची चाल आपल्या टेपाएवढीच?”

“बाबा, गाणं वाजल्याशिवाय ते आत कसं जाणार?”

“मंग त्यात मशीनचं काय कवतिक?”

त्यात भारनियमन. बाबांनी लाइट जाण्याच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आणि गाडीच्या वेळापत्रकासारखं रेकॉर्डिंगचं वेळापत्रक बसवलं. उन्हाळाभर रविवारी आणि सुटीच्या दिवशी आम्ही दोघं टेपसमोर बसून राहिलो. साठ बाजू आत गेल्या.

मग गाणी लावणारं सॉफ्टवेअर आलं आणि त्याने आमची चौकशी सुरू केली. त्याला प्रत्येक गाण्याचा आर्टिस्ट हवा होता, अल्बम हवा होता, साल हवं होतं, प्रकार हवा होता. प्रकारांची भलीमोठी यादी होती, त्यात जगातली सगळी संगीतं होती, फक्त भजन नव्हतं. मी ‘अदर’ निवडलं.

“हे काय लिवलं?” बाबांनी विचारलं.

“इतर.”

“इतर काऊन? आपल्याकडं तर हेच हाये. इतर थे त्याईचं.”

आर्टिस्टचा रकाना मी रिकामा सोडला, तर सॉफ्टवेअरने आपणहून तिथे ‘अननोन आर्टिस्ट’ भरलं. साठच्या साठ ओळींवर. बाबांना त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा ते खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आले.

“अनोळखी? अवो, हा शिंपी हाये. याच्या हातचे सदरे घातले मी. अन् हे बाई रोज बाजाराले येत जाय, डालीत कोंबड्या घेऊन. कोंबडीचं तिकीट काढत नव्हती म्हणून भांडलो बी तिच्याशी. अनोळखी कायचे?”

“मग नावं सांगा, मी लिहिते.”

नावं बाबांना आठवेनात. शिंप्याला ते शिंपीबुवाच म्हणायचे आणि बाईला बाई.

सॉफ्टवेअरचा दुसरा उपद्रव म्हणजे ते गाणी उलटसुलट लावायचं. बाबांनी कुठेतरी बोट दाबलं आणि तो खेळ सुरू झाला. एका गावचं भजन संपलं की एकदम चाळीस किलोमीटर पलीकडच्या गावची हळद. बाबा अस्वस्थ होऊन म्हणाले, “अशी गाडीच जात नाई. मधात रस्ताच नाई.” तो खेळ बंद करायचं बटण शोधायला मला दोन दिवस लागले, कारण ते बटण शब्दात नव्हतं, एकमेकांत गुंतलेल्या दोन बाणांच्या चित्रात होतं.

शेवटी मी गाण्यांच्या नावांच्या जागी कॅसेटीवरचंच लिहायचं ठरवलं. मराठीत टाइप करायला नुकतीच शिकले होते. ‘बाजू अ’, ‘बाजू ब’ असं साठ वेळा टाइप केलं. अ बाजूला क्रमांक एक, ब बाजूला दोन दिला आणि गावं अल्बमच्या जागी टाकली. सेव्ह केलं, तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. चार प्रश्नचिन्हं, जागा, एक प्रश्नचिन्ह. सॉफ्टवेअरला देवनागरी वाचता येत नव्हती आणि ते कबूल करण्याऐवजी ते उलट मलाच विचारत होतं. मी म्हटलं, राहू दे, गाणी तर वाजतात ना.

आणि गाणी वाजत होती, म्हणूनच मी ते वाक्य बोलले, ज्याबद्दल बाबांनी मला कधी बोल लावला नाही. मी म्हणाले, “बाबा, आता कॅसेटींचं काय काम? कपाटातली जागा अडली नुसती.”

बाबांनी विचार केला आणि म्हणाले, “ज्याचा आवाज त्याले देऊन टाकतो.” पुढचे दोन-तीन महिने ते पिशवीत चार-चार कॅसेटी घेऊन जुन्या मार्गावर फिरले. कोणाच्या घरी जेवून आले, कोणाच्या अंगणात चहा पिऊन आले. फार आनंदात होते. साऱ्या कॅसेटी वाटून झाल्या.

पुढच्या पावसाळ्यात कॉम्प्युटरने डिस्क भरल्याचा इशारा दिला. मी आवक-जावकवाली. कचरा साफ करायला बसले. सॉफ्टवेअरमध्ये ‘डुप्लिकेट शोधा’ अशी सोय होती. तिने क्षणात अठ्ठावन्न डुप्लिकेट काढून दाखवली. मला वाटलं, एवढी गाणी मी दोन-दोनदा घातली? पण यादीत खरंच एकसारख्या ओळी होत्या. तीच प्रश्नचिन्हं, तेच एक-दोन क्रमांक, तोच अननोन आर्टिस्ट, अर्ध्या तासाची तीच लांबी. मी ‘डिलीट’ म्हटलं. त्याने विचारलं, कॉम्प्युटरवरूनही काढू? मी ‘हो’ म्हटलं. मग जागा व्हावी म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. ऑफिसातली फाइल नष्ट करायला तीन सह्या लागतात. इथे तिन्ही मीच केल्या.

सायंकाळी बाबांनी गाणी लावायला सांगितली. यादीत दोनच ओळी उरल्या होत्या, एक बाजू अ आणि एक बाजू ब. सॉफ्टवेअरने नियमाप्रमाणे सगळ्यात पहिली कॅसेट राखली होती. ती बाबांनी टेप नवा असताना चाचणीसाठी भरली होती. पिशवीत टेप चालू, वर चेन लावलेली, आणि एक तासभर गाडीचं इंजिन. मधूनच बाबांचा आवाज, “पुढं सरका, पुढं सरका.”

मी काय झालं ते सांगितलं. प्रश्नचिन्हांपासून सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं.

“म्हंजे त्याले सगळे एकच दिसले?”

“हो.”

“तिकीट न पाहता सगळ्याईले उतरवलं म्हणाव.” एवढं बोलून ते अंगणात जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. आईने माझ्या ताटात भाकरी वाढताना ताट जरा जोरात ठेवलं.

दुसऱ्या रविवारपासून आम्ही दोघं कॅसेटी परत मागायला निघालो. दिलेली वस्तू परत मागायची, तीही आठवण म्हणून दिलेली, यासारखी लाज नाही. बोलणी मी करायची, कारण चूक माझी होती. लोक मात्र हसून आत जायचे आणि कुठूनतरी कॅसेट काढून आणायचे. कुणी देवाच्या फोटोमागे ठेवली होती, कुणी धान्याच्या कोठीवर. एका घरी नातवाने त्यावर सिनेमाची गाणी भरली होती. कोंबड्यांवाली बाई वारली होती, पण तिच्या सुनेने कॅसेट तिच्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. “घेऊन जा, पण आणून देजो,” ती म्हणाली. मी आठ दिवसांत नेऊन दिली.

शिंपीबुवा आता मुलीकडे आंजीला राहत होते. पत्ता विचारत आम्ही गेलो तर ते वावरात होते. बाबांना पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले. मी कॅसेटीचं विचारलं, तसा त्यांनी ज्वारीकडे हात केला. एका खुंटापासून दुसऱ्या खुंटापर्यंत तपकिरी फीत ताणून बांधलेली होती. उन्हात चमकत होती आणि वाऱ्यावर गुणगुणत होती.

“घरी टेपच नाई,” ते म्हणाले. “वाजवू कशावर? मंग पाखरं लय येत होते. लावून पाह्यली. एक पाखरू बसत नाई.” आणि फितीकडे पाहत, “जवानीत बी माह्या गाण्याले पब्लिक असंच उठून जाय.”

बाबा खो-खो हसले. डिलीटच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी फीत हातात धरून पाहिली. उन्हाने कडक झाली होती, बोटात मोडली.

तीसपैकी एकोणीस परत आल्या. त्या पुन्हा अर्धा-अर्धा तास वाजवत भरल्या. या वेळी ते सॉफ्टवेअर मी काढून टाकलं आणि एक साधं घेतलं. ते काही विचारत नव्हतं, शोधत नव्हतं, नीटनेटकं करत नव्हतं. फोल्डरला मार्गाचं नाव, आत गावं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आणि थांब्यांच्या क्रमाने. सगळं सीडीवरही उतरवलं, दोन-दोन प्रतींत. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, हे लय जुन्या पद्धतीचं झालं.” मी म्हटलं, आहेच.

दिवाळीनंतर एका दुपारी शिंपीबुवा अचानक घरी आले. दवाखान्याच्या कामाने हिंगणघाटला आले होते. बाबांनी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि गावांमागून गावं लावली. शिंपीबुवा प्रत्येकाला नावं ठेवत होते. हा तालात नाही, त्याचा तबला उतरलेला. मग कोंबड्यांवाल्या बाईचं गाणं लागलं. ते संपल्यावर शिंपीबुवा म्हणाले, “पुन्हा लाव पोरी.” मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं.

“चाल माही हाये,” ते म्हणाले. “मी बसवली होती. मले सगळे म्हणत, इनं तुही चाल चोरली, मी बी तेच सांगत फिरलो. पण इनं चांगली म्हणली. माह्यापेक्षा चांगली.”

“मंग तवा काऊन नाई सांगतलं तिले?” बाबांनी विचारलं.

“तवा मी गात होतो ना.”

चहा झाला. शिंपीबुवांना आंजीची गाडी पकडायची होती, म्हणून बाबा सायकल हातात धरून त्यांच्यासोबत स्टँडपर्यंत चालत गेले.