लिंबाएवढा अंबाडा

छातीतल्या गाठीला माझी आत्या रंभाबाई फारशी भ्याली नाही. "या इंजेक्शनांनी केस गळतील," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. कारण तिची धाकटी जाऊ मथुराबाई. मथुराबाईच्या अंबाड्यात गंगावन आहे, म्हणजे केस खोटे आहेत, असं आत्या वीस वर्षं सोलापूरभर सांगत होती. आता तिच्यावरच गंगावन लावायची पाळी येणार होती.

इंजेक्शन चालू असताना डोकं गार ठेवलं तर केस टिकतात, असं डॉक्टरांनी कुठंतरी वाचलं होतं. मी बर्फाच्या कारखान्यात फिटर. सायकलच्या ट्यूबा जोडून मी एक टोपी केली आणि तिच्यात बर्फाचा चुरा भरला. दर खेपेला आत्या ती घालून दात वाजवत बसायची.

"आत्या, मेंदू गोठला तर?"

"गोठू दे. त्याचं काय काम पडतंय मला? केस ऱ्हायले पायजेत."

निम्मे राहिले. माढ्याला नात्यातल्या एका लग्नात तिचा अंबाडा लिंबाएवढा होता. मथुराबाईनं तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि स्वतःचं गंगावन सोडून पुढं केलं. "घ्या अक्का. माजं भागतंय पदराखाली."

आत्यानं ते निरखून पाहिलं, आणि मथुराबाईला पाठमोरी बसवून परत घट्ट बांधून दिलं. हे तिनंच मला मागाहून सांगितलं.

मांडवात मात्र मी होतो. मथुराबाईच्या अंबाड्याकडं बघून बायका कुजबुजत होत्या.

आत्या म्हणाली, "खरा हाय. मी वढून बगितलाय."