भाऊजींचं बिनआवाजाचं विमान

भाऊजी वायर चाटून बघायचे. बॅटरीकडून आलेली दोन उघडी टोकं जिभेच्या शेंड्याला लावायची, डोळे मिटायचे आणि जिभेला किती मुंग्या येतात त्यावरून करंट पुरेसा आहे की नाही ते सांगायचं. घरात मीटर नव्हता असं नाही; पण मीटरचा काटा अडकतो, जीभ अडकत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे मला, त्यांच्या एकुलत्या एक मेहुणीला, लग्नाच्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी ताईला मुंडावळ्यांसकट परत घरी नेली असती.

तसा माणूस सरळ. पाणीखात्यात कारकून, मूळचे मालवणकडचे. ऑफिसात शुद्ध बोलायचे आणि मुलुंडच्या चाळीचा जिना चढता चढता मालवणीत उतरायचे. त्यांना नाद एकच, विमानांचा. लग्नाआधी ते छोट्या इंजिनाची विमानं दोरीला बांधून मैदानात गरगरा फिरवायचे. ताईला हौसेनं एकदा दाखवायला नेलं. इंजिन सुरू झालं तसं तिनं दोन्ही हातांनी छाती धरली. लहानपणच्या तापात तिच्या हृदयाची झडप अधू झाली होती. तो कर्कश आवाज आणि इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास तिला सोसला नाही. घरी आल्यावर भाऊजींनी इंजिन मित्राला देऊन टाकलं. ताई रडली. "माझ्यामुळे तुमचं सगळं बंद," म्हणाली. तेव्हा ते म्हणाले, "बंद कशाक? बिनआवाजाचा करूया."

आणि ते भूत त्या घरात शिरलं. विजेवर चालणारं विमान त्या दिवसांत आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. भाऊजींनी भेंडाच्या हलक्या गराचं अंग केलं, त्यावर पतंगाचा कागद चिकटवला, जुन्या बाजारातून परदेशी खेळण्यातली चिमुकली मोटर आणली. बेत असा, की खालच्या पटांगणात खांब रोवायचा, खांबापासून विमानापर्यंत दोन बारीक तारा, आणि त्याच तारांतून स्कूटरच्या जुन्या बॅटरीची वीज. विमान खांबाभोवती घिरट्या घालणार आणि ताई पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बघणार. वेग कमीजास्त करायला फुटक्या दगडी पाटीवर विजेच्या शेगडीची स्प्रिंग गुंडाळलेली, तिच्यावरून पितळेची पट्टी सरकवायची. ह्याला ते रेग्युलेटर म्हणायचे.

बिघाड किती म्हणून सांगू! एकदा मोटर उलटी फिरली आणि विमान पुढे जायचं सोडून मागे सरकायला लागलं. चाळभर हशा. तारा एकाच रंगाच्या, त्यामुळे जोडताना अदलाबदल झालेली. मग ताईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा एका तारेला आणि काळा दुसरीला बांधला. एकदा मोटर नुसती गुणगुणायची, फिरायची नाही; तारा लांब आणि बारीक, वीज वाटेतच खर्च व्हायची. एकदा अर्ध्या फेरीत जोर आणि अर्ध्या फेरीत मरगळ; खांबाच्या डोक्यावरची, तारांना वीज देणारी पितळी कडी एका बाजूनं झिजली होती. मी घाटकोपरहून ताईची वेणीफणी करायला जायची, तर हे जमिनीवर पालथे, तोंडात वायर. "भाऊजी, जेवायला वाढू की वायरीवर भागेल?" मी विचारायची. ते हात वर करून गप्प बसवायचे.

बिघाड शोधायची त्यांची एक रीत होती आणि ती ते कधी मोडत नसत. आधी मोटर उघडायची, मग तिथून एकेक जोड तपासत बॅटरीकडे यायचं. "आदी मोटार, मगे बाकीची दुनिया." ताई हसून म्हणायची, "सुमे, बघ, माझा नंबर दुनियेत लागतो."

त्या वर्षी ताईची हालत वाईट झाली. पाय सुजायचे, रात्री आडवं पडता यायचं नाही, जिना तर डॉक्टरांनी बंदच केला होता. दिवाळी काढेल का, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले; भाऊजींना मी सांगितलं नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. दसऱ्याला विमान उडवायचं असं त्यांनी ठरवलं. ताईनं कधी काही मागितलं नव्हतं. ह्या एका गोष्टीसाठी मात्र ती दिवस मोजत होती.

नवरात्रात विमान उडालं. म्हणजे तारेला धरून, एक फेरी, जेमतेम गुडघ्याएवढं वर. ताई झोपली होती म्हणून भाऊजींनी लगेच उतरवलं. "तिच्या समोर उडयतलंय," म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा शिट्टी वाजवताना ऐकलं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. भाऊजींनी पाटावर पक्कड, डाख द्यायचा कैया, बॅटरी, रेग्युलेटर आणि विमान मांडलं. पूजा ताईनं स्वतः केली. धाप लागत होती तरी एकेका वस्तूला बोट ओलं करून हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग रिवाजाप्रमाणे दसऱ्यापर्यंत कुणी कशाला हात लावला नाही.

दसऱ्याला दुपारी चाळ पटांगणात जमली. ताई नवं लुगडं नेसून गॅलरीत खुर्चीवर, शेजारच्या बायकांनी दिलेली आपट्याची पानं मुठीत. भाऊजींनी रेग्युलेटरवरची फुलं काढली. कुंकू काढलं नाही; पूजेचं कुंकू कोण पुसतं? बॅटरी जोडली, पट्टी सरकवली. विमानानं एक हिसका दिला आणि ते थांबलं. पुन्हा सरकवली. काहीच नाही.

"आदी मोटार," ते पुटपुटले आणि मोटर उघडून बसले. लोक बघताहेत, वर ताई बघतेय, म्हणून सगळं घाईघाईनं. आतली केसासारखी तार पकडीच्या टोकाला लागली आणि तुटली. मला ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तरी रीतीप्रमाणे ते पुढे एकेक जोड तपासत आले आणि रेग्युलेटरपाशी थबकले. हळदकुंकवाचा वाळलेला थर स्प्रिंगच्या वेढ्यांवर बसला होता, नेमका जिथून पट्टी सरकायची तिथे. पट्टी तारेला नीट टेकतच नव्हती.

"अहो, काय झालं?" ताईनं वरून विचारलं.

भाऊजींनी नव्या सदऱ्याच्या टोकानं कुंकू पुसून टाकलं आणि ओरडून सांगितलं, "मोटार गेली गो! जुनीच होती ती." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तिका सांगा नको."

तसली मोटर पुन्हा कुठे मिळाली नाही. जुन्या बाजारात किती खेपा घातल्या, हातानं तार गुंडाळून बघितली. तशी मोटर फिरायची, पण विमान उचलायची नाही. तुळशीचं लग्न झालं आणि ताईनं अन्न सोडलं.

एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते, भाऊजी उशाशी बसले होते. ताई म्हणाली, "माझ्या कुंकवानंच बंद पडलं ना हो ते?"

भाऊजी दचकले. "कोण म्हणाला?"

"मी वरून बघितलं. तुम्ही पुसलंत."

भाऊजी तिच्याकडे सरकले. "अगो, आयक. कुकू पुसला आसता तर विमान उडला आसता. एक फडका मारूचा काम. मोटार मीच तोडलंय. घाय केलंय, नको तितून सुरू केलंय. तुझो काय दोष नाय."

ताईनं त्यांचा हात थोपटला, लहान मुलाला समजावतात तसा. "त्या दिवशीही मोटरच म्हणालात," ती म्हणाली. "पुरे आता. मला वाईट वाटू नये म्हणून किती खोटं बोलाल?"

ते पुन्हा सांगू लागले. मीही सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. ती आम्हा दोघांकडे बघून हसली आणि तिनं डोळे मिटले. तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मला त्या माणसाचा फार राग यायचा, फार कीव यायची आणि जीवही लागला होता. ताईनंतरही मी मुलुंडला जात राहिले. चहा व्हायचा, ऑफिसातलं काहीबाही व्हायचं, आणि मग भाऊजी कप बाजूला सारून सुरुवात करायचे. रेग्युलेटर आधी बघायला हवा होता. मोटर चांगली होती, आदल्याच आठवड्यात उडवलं होतं ना? मग दोष पुढेच असणार. कुंकू पुसलं असतं की झालं. बोटानं टेबलावर खांब, तारा, बॅटरी काढून दाखवायचे, आणि शेवटी माझ्याकडे बघून विचारायचे, "तुका पटता ना गो?"

"पटतं, भाऊजी," मी म्हणायची. प्रत्येक वेळी म्हणायची. माझ्या पटण्याचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता.