गोधडी घेऊन दिल्लीला

सहावीत भूगोलाच्या तासाला मी आणि मंगल एकाच निळ्या पेन्सिलीनं नकाशातले समुद्र रंगवायचो. दूरचे देश तेव्हा आम्हाला नुसत्या रेषा वाटायच्या. आता त्यातल्याच एका देशात मुलं मरताहेत आणि आपलं सरकार बॉम्ब टाकणाऱ्यांना इथून शस्त्रं विकू देतंय. ही विक्री थांबवा, असा अर्ज दिल्लीत धरणं धरून द्यायचं आमच्या पुंडलिकनगरच्या महिला मंडळानं ठरवलं. सोबत द्यायला वैजापूरच्या बायकांनी पोरांच्या जुन्या कपड्यांची गोधडी शिवली.

मंगलचा मुलगा अमोल वाळूजला ज्या कारखान्यात आहे, तिथले सुटे भाग त्याच शस्त्रांत जातात. तो म्हणाला, "आई, जा. पण फोटोत येऊ नको, माझी नोकरी जाईल." तिनं शब्द दिला.

दिल्लीच्या गाडीला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. तिकीट महिनाभर आधी काढा, धपाटे घ्या आणि शेंगदाण्याची चटणी जास्तीची घ्या. आमची अख्ख्या डब्यानं संपवली. उतरलो गुरुद्वाऱ्यात, जेवलो लंगरमध्ये. धरण्याची परवानगी मात्र आधीच काढावी लागते, सगळ्यांच्या नावांसकट.

धरण्याच्या जागी तपासणीत पोलीसबाईंना गोधडीचा एक कोपरा कडक लागला. त्यांनी कात्री मागवली. समोर कॅमेरे होते. सगळ्यांच्या मागं उभी असलेली मंगल एकदम पुढं घुसली.

"काटो नक्को, मॅडम! उसके पेट में भाकरी है!"

शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचा, ही वैजापूरकडची रीत.

"भूकी गोधडी किसको गरम रखेगी?" मंगल म्हणाली.

पोलीसबाईंनी कोपरा नाकाशी नेला. "बाजरे की?"

"जवारी की!"

कात्री परत गेली. मग सरकारी कार्यालयात अर्ज घेतला, प्रतीवर शिक्का मिळाला. कापड घेता येत नाही म्हणून गोधडी परत दिली. संध्याकाळपर्यंत मंगलचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता. येताना गाडीत तिनं घासही खाल्ला नाही.

स्टेशनवर अमोल उभा होता. तिची पिशवी घेत म्हणाला, "सोमवारी साहेबांनी बोलावलंय." मग जरा थांबून, "पदर तरी नीट घ्यायचा ना, आई. लई भांडखोर दिसतीस." मंगल त्याच्या खांद्यावर हसत हसत रडली.

त्याच्या नोकरीचं काय होईल, माहीत नाही. विक्रीही थांबलेली नाही. पण पन्नास वर्षांपासूनच्या मैत्रिणीला मी त्या दिवशी नव्यानं पाहिलं.

शिक्क्याची प्रत वैजापूरच्या बायकांना द्यायची. गोधडी, यापुढं धरण्याला जे बसतील त्यांना. अर्जाचा मसुदा, खाली कमेंटमध्ये मागेल त्या प्रत्येकाला. फोटो दोन छापायला टाकलेत: छोटा मंडळाला, मोठा अमोलला. त्यानं फ्रेमसकट मागितलाय.