हेडसरांच्या कपाटाची चावी

मुलींच्या शाळेत जन्मभर घंटा वाजवली, की किस्से कापसाच्या तुसांसारखे अंगाला चिकटतात. किती झटका, एखादा राहतोच! मी स्वतः चौथी नापास. पण शाळेतले बी.ए., बी.टी. लोक जवळून पाहिले आणि नापास झाल्याचं दुःख पार गेलं.

*

सत्तरच्या आसपासची गोष्ट. महिन्याचे ते दिवस आमच्या पोरी घरी बसत. मेडिकलमध्ये पॅड मिळायचे, पण एका पाकिटाच्या पैशात घरची आठवड्याची भाजी यायची.

एकदा आमच्या सगळ्यांत जुन्या शिक्षिकेनं, मोठ्या मॅडमनी, मला पाकीट आणायला इतवारीच्या बाजारात पाठवलं. दुकानदारानं ते पेपरात गुंडाळलं, खाकी पिशवीत घातलं, वरून सुतळी! मी भर गर्दीत ओरडले, "काहून गा, बॉम्ब देऊन राहिला का?"

मागचं गिऱ्हाईक खरंच पळालं!

*

पोरींना शाळेतच फुकट पॅड द्या, असं मॅडमनी शाळेच्या कमिटीपुढे मांडलं. कमिटी म्हणजे सगळे टोपीवाले. कितीतरी वेळ नुसतं 'ती वस्तू, ती वस्तू' चाललं.

सेक्रेटरी म्हणाले, "आमच्या काळात असलं काही लागत नव्हतं."

मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "मंग साहेब, आता लागून राहिलं का?"

चहा निवायच्या आत ठराव पास!

*

पॅडची पेटी आली ती हेडसरांच्या कपाटात. चावी त्यांच्या खिशात. मागायचं तेही त्यांनाच! पोरी बिचाऱ्या म्हणत, "सर, पोट दुखते." सर लगेच चिमूटभर ओवा देत.

ओव्याच्या बरण्या संपल्या, पेटी भरलेलीच. सरांनी कमिटीला कळवलं, "गरजच नाही!"

*

खापा गावच्या विणकराची पोरगी कुसुम मॅट्रिकला होती. दर महिन्याला घरी बसून हजेरी उतरलेली. सरांनी दम दिला, "पूर्वपरीक्षेचा एक पेपर चुकला, तर बोर्डाचा फॉर्म विसर."

मी म्हटलं, "कुसुम वं, घरात माग आहे अन् फडकं नाही?"

"मावशी, विणलेलं सारं बाजारात जाते. फाटकं लुगडं आई नेसते."

 

*

नेमकी गणिताच्या पेपरच्या सकाळी कुसुम फाटकात रडत उभी. सर भाच्याच्या लग्नाला भिवापूरला, चावीसकट! घंटेचा हातोडा माझ्या हातातच होता. एका टोल्यात कुलूप खाली. कुसुमनं पेपर दिला, आणि दुपारपर्यंत बाकीच्या पोरींनी पेटीचा तळ गाठला.

दुसऱ्या दिवशी सर ओरडले, "चोरी!" साक्षीदार म्हणून मलाच घेऊन चौकीवर!

हवालदारानं पेन उघडलं. "काय गेलं, मास्तर?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"पैसे?"

"नाही."

"घड्याळ?"

"नाही हो."

"मंग काय?"

सरांचे कान लाल. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा."

"मले काय माहीत, सर? चावी तुमच्यापाशी!"

हवालदारानं पेन बंद केलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला.

"मास्तर, खरं सांगा. तो माल तुमच्यापाशी आला कुठून?"